चाकूरकरांवरचा खटला: कलमच चुकलं

शिवराज पाटील चाकूरकर यांचं नाव काढलं की समोरचा माणूस दोन वाक्यांत निकाल देऊन मोकळा होतो. पहिलं वाक्य कपड्यांचं. दुसरं, 'माणूस चांगला होता, पण गृहमंत्री म्हणून काही कामाचा नव्हता.' १२ डिसेंबर २०२५ रोजी लातुरातल्या घरी, वयाच्या नव्वदीत, ते गेले. त्यानंतरच्या मृत्युलेखांतही हीच दोन वाक्यं होती, फक्त पहिलं सभ्यतेपोटी जरा आडवळणाने लिहिलेलं. दुसऱ्या बाजूला श्रद्धांजलीवाले होते. त्यांनी सुसंस्कृत, अजातशत्रू, व्यासंगी, निष्कलंक अशी विशेषणांची माळ घातली आणि तेही मोकळे झाले. एकाने थट्टेत गुंडाळलं, दुसऱ्याने शालीत. माणूस काय करत होता, हे दोघांनीही पाहिलं नाही.

माझं म्हणणं असं की चाकूरकरांवर आरोपपत्र दाखल व्हायलाच हवं, पण गेली सतरा-अठरा वर्षं ते ज्या कलमाखाली चालवलं जातंय ते कलम चुकीचं आहे. सौम्यपणा हा त्यांचा गुन्हा नव्हता. गुन्हा दुसराच होता. त्याची चर्चा होत नाही, कारण त्या कलमाखाली आणखी बरेच जण आत जातात.

आधी कपडेच घेऊ, म्हणजे तो विषय संपेल. १३ सप्टेंबर २००८ ला दिल्लीत करोलबाग, कॅनॉट प्लेस, ग्रेटर कैलाश या भागांत स्फोट झाले. त्या संध्याकाळी केंद्रीय गृहमंत्री असलेले चाकूरकर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पोशाखांत दिसले. वाहिन्यांनी ती दृश्यं शेजारी शेजारी लावली आणि देशाला एक सोपा आरोपी मिळाला. ते दृश्य वाईट होतं, यात वाद नाही. लोक रुग्णालयात रक्ताळलेल्या कपड्यांत आपली माणसं शोधत असताना मंत्र्याचा कडक इस्त्रीचा पोशाख डोळ्यांना खुपणारच. पण खुपणं वेगळं आणि दोष सिद्ध होणं वेगळं. त्या संध्याकाळी कुठला आदेश उशिरा निघाला, कुठली तुकडी थांबून राहिली, कुठला अहवाल वाचायचा राहिला, हे त्या चित्रातून कळत नाही. ते विचारायला कुणी बसलंही नाही. इंडियन मुजाहिदीनचं जाळं जयपूर, अहमदाबाद, दिल्ली असं महिनोन्महिने फिरत होतं आणि तीन राज्यांच्या पोलिसांची माहिती एकमेकांपर्यंत पोचत नव्हती. तो प्रश्न किचकट होता, कपड्यांचा सोपा. बातमीला सोपं लागतं. आणि आमच्या मराठवाड्याने तर यावर हसूच नये. खादीची घडी न मोडता दुष्काळी दौरा उरकणारे पुढारी आम्ही पिढ्यान् पिढ्या निवडून दिलेत.

दुसरा आरोप जरा वजनदार आहे. पोटा कायदा रद्द केला आणि अतिरेक्यांना मोकळं रान दिलं, असं म्हणतात. हा आरोप करणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पोटा हा २००४ मध्ये रद्द झाला तो सत्ताधारी संयुक्त पुरोगामी आघाडीच्या किमान समान कार्यक्रमातलं कलम म्हणून. चाकूरकरांच्या मनात आलं म्हणून नव्हे. आणि रद्द करताना त्याच वेळी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून दहशतवादी कृत्याची व्याख्या, संघटनांवरील बंदी, दहशतवादाचा निधी रोखण्याच्या तरतुदी यांपैकी बराच भाग तिकडे नेला गेला. गेलं ते मुख्यतः पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा धरणं आणि जामिनाच्या अटी. तेही २००८ नंतर अंशतः परतलं. पोटा अंमलात असताना, २००२ मध्ये अक्षरधामवर हल्ला झाला आणि २००३ मध्ये मुंबईत गेट वे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजारात स्फोट झाले. अक्षरधाम खटल्यात पोटाखाली शिक्षा झालेल्या सगळ्यांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष सोडलं. कडक कायदा असला की बॉम्ब थांबतात, हा समज त्या नोंदींपुढे टिकत नाही.

मग गृहमंत्री कठोर असला की थांबतात का? याचं उत्तर शोधायला दिल्लीला जायची गरज नाही. लातूरहून नांदेडला जाणारी एसटी पकडली तरी पुरे.

शंकरराव चव्हाण नांदेडचे. हेडमास्तर म्हणून त्यांची ख्याती, आणि ती खोटी नव्हती. फाइल वाचल्याशिवाय सही नाही, खात्री असल्याशिवाय आश्वासन नाही, चेहऱ्यावर हसू क्वचित. जायकवाडी आणि विष्णुपुरी या दोन नावांवर मराठवाडा त्यांना कायम ऋणी राहील आणि राहावाही. दोनदा मुख्यमंत्री, दोनदा केंद्रीय गृहमंत्री. यातली दुसरी खेप १९९१ ते १९९६, म्हणजे नेमकी चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष होते तीच पाच वर्षं. एकाच प्रदेशातले दोन शेजारी, दोघेही काँग्रेसी, दोघेही नगरपालिकेच्या अध्यक्षपदावरून वर आलेले, एकाच संसदेत एक अध्यक्षाच्या आसनावर तर दुसरा गृहमंत्र्याच्या बाकावर. या योगायोगावर आमच्याकडे कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचण्यात नाही.

शंकररावांच्या त्या खेपेत काय झालं ते आठवा. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत मशीद पडली. केंद्रीय दलं जवळच होती आणि वापरली गेली नाहीत. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली झाल्या. १२ मार्च १९९३ ला एका दुपारी मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली, म्हणजे २६/११ पेक्षा जास्त. त्यात लागलेली स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर बोटींतून उतरली होती. समुद्राचा रस्ता तेव्हाच कळला होता. गृहमंत्र्याने राजीनामा दिला नाही, कुणी आग्रहाने मागितलाही नाही, आणि आजही शंकररावांना कुणी दुबळा गृहमंत्री म्हणत नाही. का? कारण त्यांची मुद्रा कठोर होती.

याचा अर्थ शंकररावांना खाली ओढायचं असा नाही. तेव्हाचे गृहसचिव माधव गोडबोले यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की बाबरी वास्तू ताब्यात घेण्याची आकस्मिक योजना गृहखात्याने तयार केली होती आणि ती पंतप्रधानांच्या पातळीवर मान्य झाली नाही. म्हणजे कठोर गृहमंत्र्याच्या हातातही शेवटचा निर्णय नव्हता. नरसिंह रावांच्या वेळी तो एका ठिकाणी होता, मनमोहन सिंगांच्या वेळी दोन-तीन ठिकाणी. मग एकाला आपण परिस्थितीचा लाभ देतो आणि दुसऱ्याला स्वभावाची शिक्षा करतो, हा न्याय कुठला? चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणण्याची माझी हिंमत नाही, कारण चाकूरकर संन्यासी नव्हते. पण तराजूची पारडी सारखी नाहीत, एवढं दिसतं.

चाकूरकरांचा खरा दोष कुठे होता, ते किनाऱ्यावर दिसतं. २००५ च्या जानेवारीत, तेच गृहमंत्री असताना, सागरी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा मंजूर झाला. किनारी राज्यांत ७३ सागरी पोलीस ठाणी, २०४ बोटी, चौक्या, जीपगाड्या, सगळं कागदावर बसवलेलं. म्हणजे गृहमंत्र्याला समुद्राचा धोका समजत नव्हता, हे म्हणणं खोटं. समजत होता, लिहिला होता, पैसाही ठेवला होता. त्यानंतर काय झालं? राज्यांनी जागा शोधल्या, नाही सापडल्या. बोटी यायला वेळ लागला. माणसं भरली गेली नाहीत. इंधनाचा खर्च कुणी करायचा यावर पत्रं फिरली. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा जण कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी बोटीतून उतरले तेव्हा ती योजना अंमलबजावणीच्या वाटेवरच होती.

इथे सौम्यपणा नव्हे, चाकूरकरांची एक सवय त्यांना नडली. ते आयुष्यभर सभागृहाचे माणूस. सभागृहात ठराव मंजूर झाला की काम झालं, कारण तिथे शब्द हेच कृत्य असतं. गृहखात्यात मंजुरीनंतर काम सुरू होतं. राज्याच्या मुख्य सचिवाला तिसऱ्यांदा फोन करायचा, अपूर्ण ठाण्याचा फोटो मागवायचा, मुख्यमंत्र्याला न आवडेल असं बोलायचं, हे सगळं मंजुरीनंतरचं. पोलीस हा घटनेच्या सातव्या परिशिष्टातला राज्यांचा विषय आहे, हे वाक्य चाकूरकर संसदेत वारंवार, आणि बरोबर, सांगत. पण बरोबर वाक्याचाही एक तोटा असतो: ते बोललं की आपलं कर्तव्य संपलं असं वाटू लागतं. त्यांच्या जागी कुणी गुरगुरणारा असता तर बोटी आल्या असत्या का, सांगता येत नाही. पाठपुरावा करणारा असता तर कदाचित काही ठाणी उभी राहिली असती. पाठपुरावा सौम्य आवाजातही करता येतो.

२६/११ च्या रात्री राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचीही तीच कथा. कमांडो हरियाणातल्या मानेसरला, विमान जमवायला वेळ, मुंबईत पोचेपर्यंत सकाळ. यावर लोकांचा राग न्याय्य होता. पण हे दल १९८० च्या दशकात उभं राहिलं तेव्हापासून त्याचा तळ एकाच ठिकाणी होता. मधल्या वीस-बावीस वर्षांत बुटासिंग, मुफ्ती महंमद सईद, शंकरराव, इंद्रजित गुप्त, लालकृष्ण अडवाणी असे कितीतरी गृहमंत्री येऊन गेले, त्यांत 'लोहपुरुष' म्हणवले गेलेलेही होते. मुंबईत तळ कुणी उभारला नाही. तो २००९ मध्ये उभा राहिला. एकाच पिढीतल्या सगळ्या गृहमंत्र्यांचं देणं चाकूरकरांच्या नावावर चढलं.

हे लिहिल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग २६/११ नंतर राजीनामा दिलाच का? दिला हे बरं केलं. ३० नोव्हेंबर २००८ ला चाकूरकर गेले, दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, आणि चार दिवसांत मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. विलासराव ताज हॉटेलची पाहणी करायला गेले ते अभिनेता मुलगा रितेश आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा यांना बरोबर घेऊन, आणि ते चित्रही देशभर फिरलं. लातूरने एका आठवड्यात एक केंद्रीय गृहमंत्री आणि एक मुख्यमंत्री गमावला. ८ डिसेंबरला नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात एवढी उलथापालथ मराठवाड्याने आधी पाहिलेली नव्हती. लातूरच्या चौकात त्या आठवड्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं असं म्हणतात. नांदेडला पेढे वाटत होते, हे मात्र नक्की.

पण या राजीनाम्यांचं पुढे काय झालं पाहा. विलासराव सहा महिन्यांत, मे २००९ मध्ये, केंद्रात मंत्री झाले. आर. आर. २००९ च्या निवडणुकीनंतर पुन्हा राज्याचे गृहमंत्री. चाकूरकर जानेवारी २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल आणि चंदीगडचे प्रशासक, २०१५ पर्यंत. नैतिक जबाबदारी स्वीकारायची ती सुटीसारखी. ब्रिटनमध्ये १९८२ साली फॉकलंडवर अर्जेंटिनाने कब्जा केल्यावर परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी राजीनामा दिला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळात ते परत आले नाहीत. आमच्याकडे लालबहादूर शास्त्रींचं उदाहरण भाषणात वापरतात. तेही अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर राजीनामा देऊन काही महिन्यांत मंत्रिमंडळात परतले होते, हे भाषणात सांगत नाहीत. असो.

आता शालवाल्यांकडे वळतो. त्यांना वाटतं चाकूरकरांची बाजू घ्यायची तर त्यांच्या स्वभावाचं कौतुक करायचं. मला त्यांच्या स्वभावात फारसा रस नाही. लोकसभेच्या कार्यपद्धतीत त्यांनी काय बदललं, यात आहे.

१९९३ पर्यंत आपल्या संसदेत अर्थसंकल्प मंजूर होण्याची पद्धत लाजिरवाणी होती. चाळीसभर मंत्रालयांच्या मागण्या, त्यातल्या तीन-चार मंत्रालयांवर चर्चा, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या एका घंटेत बिनचर्चेने मंजूर. त्याला संसदेत गिलोटिन म्हणतात. हजारो कोटींचा खर्च कुणीही प्रश्न न विचारता पास होई. १९८९ मध्ये कृषी, विज्ञान आणि पर्यावरण या तीन विषयांसाठी समित्या सुरू झाल्या होत्या. चाकूरकर अध्यक्ष असताना १९९३ च्या एप्रिलपासून त्या रद्द करून विभागनिहाय १७ स्थायी समित्या आल्या. प्रत्येकीत तेव्हा ४५ सदस्य, लोकसभेचे ३० आणि राज्यसभेचे १५, सर्व पक्षांचे. मंत्री मात्र नाहीत. अर्थसंकल्प मांडला की सभागृह काही दिवस थांबतं आणि समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या तपासतात, सचिवांना समोर बसवतात, अहवाल देतात. विधेयकंही त्यांच्याकडे जातात. २००४ मध्ये समित्यांची संख्या २४ झाली.

याच समितीच्या बंद खोलीत भाजपचा, कम्युनिस्टांचा आणि काँग्रेसचा खासदार एकाच अहवालावर सही करतो, कारण तिथे कॅमेरा नसतो आणि पक्षाचा व्हिपही नसतो. बाहेर सभागृहात मात्र चाकूरकरांच्याच कारकिर्दीत कॅमेरे आले: १९९१ च्या डिसेंबरपासून प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर दिसू लागला. भांडण जनतेपुढे आणि काम बंद खोलीत, अशी ही दुहेरी रचना होती. मवाळ माणसाने जे करावं ते हेच. मवाळांना जाहीर सभा जिंकता येत नाहीत. त्यांनी अशी जागा बांधावी की जिथे जहाल माणूसही तासभर मवाळ होऊन बसेल.

त्या जागेचं आज काय चाललंय? पंधराव्या लोकसभेत विधेयकांपैकी जवळपास ७१ टक्के समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं. शेतीविषयक तीन कायदे कुठल्याही समितीकडे न जाता २०२० मध्ये मंजूर झाले आणि पुढच्या वर्षी मागे घ्यावे लागले; ती वर्षभराची धुळवड टाळता आली असती की नाही, हा प्रश्न सोडा, निदान एका बंद खोलीत पंजाबचे आणि महाराष्ट्राचे खासदार समोरासमोर बसले असते. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले १४६ विरोधी खासदार निलंबित झाले आणि फौजदारी कायद्यांची तीन विधेयकं लोकसभेत बहुतेक निलंबित सदस्यांविना मंजूर झाली. ती समितीकडे जाऊन आली होती, हे नोंदवायला हवं. पण विरोधी बाकं बरीचशी रिकामी होती.

आणखी एक. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार होतं, काँग्रेस विरोधात होती, आणि लोकसभेचे उपाध्यक्ष म्हणून काँग्रेसचे शिवराज पाटील निवडले गेले. पुढच्या लोकसभेत काँग्रेस सत्तेवर आली, चाकूरकर अध्यक्ष झाले, आणि उपाध्यक्ष भाजपचे एस. मल्लिकार्जुनय्या. मशीद पडली, देश पेटला, तरी अध्यक्ष काँग्रेसचा आणि उपाध्यक्ष भाजपचा ही जोडी मोडली नाही. २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत लोकसभेला उपाध्यक्षच नव्हता. हे सांगितलं की चाकूरकरांच्या 'निरुपयोगी' सौम्यपणावर हसणारे गप्प बसतात, किंवा विषय पुन्हा कपड्यांवर नेतात.

अध्यक्ष म्हणून ते डागाविना होते असं मात्र नाही. नरसिंह रावांचं सरकार अल्पमतात सुरू झालं आणि फुटीर खासदारांच्या बळावर बहुमतात गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जनता दलातून फुटलेल्या अजित सिंह गटाचं प्रकरण अध्यक्षांपुढे रेंगाळलं. जून १९९३ मध्ये चौघे अपात्र ठरले, बाकीच्यांना फुटीचं संरक्षण मिळालं. पुढच्याच महिन्यात, २८ जुलै १९९३ ला, अविश्वास ठराव २६५ विरुद्ध २५१ मतांनी पडला. त्यात झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचं प्रकरण नंतर बाहेर आलं. पैसे अध्यक्षांनी दिले नव्हते. पण पक्षांतरबंदीच्या निकालाला वेळेची मर्यादा नसणं, ही सोय त्यांच्या काळात सत्ताधाऱ्यांच्या उपयोगी पडली. तीच सोय महाराष्ट्राने २०२२ नंतर पुरेपूर उपभोगली. सौम्य माणूस सत्तेला नकार देताना कुठे थांबतो, हे बघायचं असेल तर ते तिथे बघावं.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण ते जुळतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचे रिचर्ड लुगर १९७७ पासून ३६ वर्षं सिनेटर होते. रिपब्लिकन पक्षाचे, पण मध्यममार्गी. सोव्हिएत संघ कोसळत असताना डेमोक्रॅट सॅम नन यांच्याबरोबर त्यांनी १९९१ मध्ये एक कायदा आणला, ज्याखाली रशिया, युक्रेन, कझाकस्तान, बेलारूसमधली हजारो अण्वस्त्रं अमेरिकेच्या पैशाने निकामी केली गेली. कुठल्याही युद्धातल्या सेनापतीने एवढी अण्वस्त्रं नष्ट केलेली नाहीत. २०१२ मध्ये लुगर यांना त्यांच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मतदारांनी पाडलं. दोष काय? ओबामांबरोबर काम करतात, कडवे नाहीत. उमेदवारी मिळालेल्या कडव्या माणसाने ती जागा पुढे डेमोक्रॅटांना घालवली, हा भाग वेगळा.

लुगर आणि चाकूरकर एकसारखे नाहीत. लुगर आपल्या विषयात पाठपुरावा करत राहिले, रशियाच्या कारखान्यांत जाऊन क्षेपणास्त्रं कापली जाताना उभे राहिले. चाकूरकरांनी सागरी ठाण्यांबाबत तसं केल्याची नोंद नाही. दोघांच्या मध्यममार्गातला फरक तिथे आहे, आवाजाच्या पट्टीत नाही.

आता घरचं गाऱ्हाणं. 'सात वेळा निवडून दिलं, लातूरला काय दिलं?' हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीपासून बार रूमपर्यंत ऐकायला मिळतो. उत्तरादाखल चाकूरचं सीमा सुरक्षा दलाचं आणि लातूरचं केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र दाखवतात. विचारणाऱ्याला ते पटत नाही, कारण त्याच्या मनात तुलना विलासरावांशी असते: मांजरा साखर कारखाना, त्यामागे उभं राहिलेलं सहकाराचं जाळं, मुंबईहून लातूरसाठी खेचून आणलेली कामं. चाकूरकर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ या वाटेने आलेच नाहीत. उस्मानियाची विज्ञानाची पदवी, मुंबईची कायद्याची, १९६७ मध्ये लातूर नगरपालिकेचं अध्यक्षपद, मग आमदार, १९७८ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष, आणि १९८० पासून दिल्ली. त्यांच्याकडे वाटायला ऊसतोडीचा नंबर नव्हता, कर्ज नव्हतं, नोकरी नव्हती.

याला मी अंगभूत दोष मानायला तयार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं आणि शिवारात ऊस. त्या वेळी कारखानदारांनी जे दिलं होतं त्याची किंमत लातूरने मोजली. खासदाराने गावाला काय दिलं याचा हिशेब साखरेच्या पोत्यांत करायची सवय आम्हीच लावली, आणि मग संसदेत नियम बदलणारा खासदार आम्हाला रिकाम्या हाताचा दिसू लागला. पण हेही खरं की किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतर, लातूरला दिल्लीत बोलणारा माणूस हवा होता तेव्हा लातूरचा खासदार अध्यक्षाच्या आसनावर होता. अध्यक्षाने चर्चेत भाग घ्यायचा नसतो. संसदीय मर्यादेचा हा एक भाग मतदाराच्या वाट्याला आला, आणि मतदाराने तो मुकाट सोसला.

तो कायम सोसणार नव्हता. २००४ मध्ये भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी चाकूरकरांना सुमारे तीस हजार मतांनी हरवलं. माजी मुख्यमंत्री, जुने काँग्रेसी शिवाजीराव निलंगेकर यांच्या घरातली सून भाजपच्या चिन्हावर, हेही लातूरचंच राजकारण. निकाल १३ मेला लागला. २२ मेला शिवराज पाटील देशाचे गृहमंत्री म्हणून शपथ घेत होते. जुलैमध्ये त्यांना राज्यसभेत पाठवण्यात आलं.

हेच ते कलम. कायद्याने यात काही चूक नाही. घटनेचं ७५ वं कलम सहा महिन्यांची मुभा देतं. पण संसदेचा अधिकार मतदाराकडून येतो, हे पाच वर्षं आसनावर बसून ज्याने खासदारांना शिकवलं, त्याच्याच मतदारांनी नाही म्हटल्यावर नऊ दिवसांत त्याने देशाचं सर्वांत अवघड खातं स्वीकारलं. ते मिळालं पक्षाध्यक्षांच्या विश्वासावर. २००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं तेही त्याच विश्वासावर, आणि डाव्यांनी ते अडवलं. ज्याची खुर्ची एका घराच्या विश्वासावर उभी आहे, तो गृहमंत्री मुख्यमंत्र्यांना कसा दटावणार? सागरी ठाणी का रखडली हे तो कुणाला विचारणार, विलासरावांना? ते त्याच पक्षाचे, त्याच जिल्ह्याचे, आणि गावात त्यांच्याच शब्दाला वजन. सौम्यपणाच्या नावावर जे खपवलं जातं त्यातलं बरंचसं हे होतं: मागे मतं नसलेल्या माणसाची अडचण.

हे कलम लावलं की अडचण अशी होते की त्या मंत्रिमंडळात तो एकटा नव्हता. पंतप्रधानही राज्यसभेतून होते, आसाममधून. त्यामुळे तक्रार इस्त्रीच्या कपड्यांबद्दलच करणं सगळ्यांना सोयीचं पडतं, काँग्रेसला आणि भाजपलाही, कारण लोकांनी पाडलेल्याला मागच्या दाराने आणण्याची रीत पुढे भाजपनेही मोडलेली नाही. २०१४ मध्ये अमृतसरला हरलेले अरुण जेटली अर्थमंत्री झाले.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत लातूर लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. २००९ मध्ये तिथून जयवंतराव आवळे निवडून आले. चाकूरकर तोवर राजीनामा देऊन घरी होते आणि वर्षभरात चंदीगडच्या राजभवनात गेले. २६/११ बद्दल लातूरच्या मतदाराला त्यांना काही विचारायचं होतं की नाही, कोण जाणे. विचारायची मतपेटी त्यांच्या नावाने पुन्हा आली नाही.